यंत्र आहे म्हणून पिन बघायची नाही?

"स्कायडायव्हिंगवाले तुमच्यापासून काय लपवतात" या मथळ्याचा एक मेसेज सध्या मराठी ग्रुपांवर फिरतोय. पाच मुद्दे आणि शेवटी नेहमीचं "जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा". सार असं की उडीआधी पॅराशूट आणि पट्टे पुन्हा पुन्हा तपासणं हे निव्वळ नाटक आहे. गिऱ्हाइकाला घाबरवायचं आणि इन्स्ट्रक्टरचा रुबाब वाढवायचा, एवढाच म्हणे त्यामागचा हेतू.

असले मेसेज मी एरवी उघडतही नाही. पण हा माझ्या भाचीने पाठवला. ती टेक्सासला शिकते आणि नुकताच तिने स्कायडायव्हिंगचा कोर्स सुरू केलाय. इन्स्ट्रक्टरच्या छातीला बांधून घेऊन मारतात ती टँडेम उडी नव्हे. हिच्या पाठीवर हिचं स्वतःचं पॅराशूट असतं आणि ते हिलाच उघडायचं असतं. खाली तिचा प्रश्न होता, "मामा, यातलं यंत्राचं खरंय ना? मग आमचा इन्स्ट्रक्टर दर वेळी एवढी किटकिट का करतो?" मीही इथे अमेरिकेत परवाना घेऊन उड्या मारतो, माझं मुख्य पॅराशूट मीच घडी करून भरतो. तेव्हा या किटकिटीची बाजू मांडणं मला भाग आहे.

यंत्राचा मुद्दा मेसेजमध्ये दुसरा आहे, पण मी तोच आधी घेतो, कारण जीव घेणारा मुद्दा हाच आहे. "पॅराशूटमध्ये कॉम्प्युटर असतो. तुम्ही काहीच केलं नाही तरी तो वेळेवर पॅराशूट उघडतो. मग तपासायचं काय?"

या यंत्राला आमच्यात एएडी, म्हणजे ऑटोमॅटिक अ‍ॅक्टिव्हेशन डिव्हाइस म्हणतात. जर्मनीच्या एअरटेक कंपनीने १९९१ मध्ये सायप्रेस नावाचं यंत्र आणलं आणि त्याने असंख्य जीव वाचवले, याबद्दल दुमत नाही. पण ते नेमकं करतं काय? पाठीवरच्या पिशवीत दोन पॅराशूट असतात, मुख्य आणि रिझर्व्ह, म्हणजे राखीव. मुख्य पॅराशूटशी या यंत्राचा काही संबंधच नाही. रिझर्व्हचा कप्पा बंद ठेवणारी एक बारीक दोरी असते, क्लोजिंग लूप. तिच्यातून एक पिन ओवलेली असते, ती निघाली की कप्पा उघडतो; मुख्यच्या कप्प्यालाही अशीच लूप आणि पिन असते. यंत्रातलं छोटं कटर ती दोरी कापतं आणि तिथे त्याचं काम संपतं. पुढे स्प्रिंगचं छोटं पायलट शूट उडून बाहेर पडायचं, त्याने रिझर्व्ह ओढून काढायचं आणि ते फुलायचं, हे सगळं रिझर्व्ह कसं भरलं होतं आणि वाटेत काही अडकलं का यावर अवलंबून आहे.

आता ते कापतं कधी? अनुभवी उडीबाजांच्या सायप्रेसमध्ये जमिनीपासून साधारण ७५० फुटांवर, आणि तेही पडण्याचा वेग सेकंदाला ३५ मीटरपेक्षा जास्त असेल तरच. पोटावर आडवा पडणारा माणूस ताशी १९० किलोमीटरच्या आसपास वेगाने खाली येतो. हिशेब करा, त्या उंचीवरून जमीन चार-सव्वाचार सेकंदांवर असते. "वेळेवर" म्हणजे हे! सगळे उपाय हुकल्यावरची ही शेवटची संधी आहे, तिच्या भरवशावर कुणी उडीचा बेत आखत नाही.

याहून वाईट प्रसंग वेगळाच. मुख्य पॅराशूट अर्धवट उघडलंय, दोऱ्यांना पीळ पडलाय, माणूस गरागरा फिरत खाली येतोय. अशा वेळी वेग त्या मर्यादेच्या खाली राहू शकतो आणि यंत्र गप्प बसतं. विद्यार्थ्यांच्या यंत्रात ही मर्यादा सेकंदाला १३ मीटर इतकी कमी ठेवलेली असते, त्यामुळे भाचीला थोडं जास्त संरक्षण आहे हे मान्य. पण बिघडलेलं मुख्य पॅराशूट सोडून द्यायला ओढायचं ते कटअवे हँडल कुठलंही कटर ओढून देत नाही. मुख्य पॅराशूट डोक्यावर तसंच अडकलेलं असताना रिझर्व्ह सुटलं तर दोन्ही एकमेकांत गुंतू शकतात. ते हँडल जागेवर आहे का, पट्ट्याखाली दडपलंय का, हात नेल्यावर पहिल्या झटक्यात सापडतं का, हे बघणं म्हणजेच या मेसेजवाल्याचं "नाटक".

आणखी एक. हे यंत्र हवेच्या दाबावरून उंची ओळखतं. चालू करतो ती जागा त्याच्या लेखी शून्य. म्हणून ते ड्रॉपझोनवर, म्हणजे उड्या मारायच्या ठिकाणी, पोहोचल्यावर चालू करायचं असतं. घरीच चालू केलं आणि वेगळ्या उंचीवरच्या ड्रॉपझोनला गाडीने गेलं, तर त्याची जमीन चुकते. चालूच केलं नाही तर पाठीवर नुसतं वजन. ते चालू आहे हे कसं कळतं? स्क्रीनवर बघून. म्हणजे ज्याच्या नावाने तपासणी मोडीत काढायला निघालेत, ते यंत्र चालू आहे की नाही हेसुद्धा त्या तपासणीतच कळतं.

आता पहिला मुद्दा. "तपासणी नवख्यांसाठी असते. शेकडो उड्या मारलेले लोक कधी तपासत बसत नाहीत."

एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनातल्या लुइसबर्गला एक उडीबाज आपल्या कॅमेऱ्यासह विमानातून बाहेर पडला. एका विद्यार्थ्याचं आणि त्याच्या इन्स्ट्रक्टरचं चित्रण करायचं होतं. त्याच्या खात्यावर ८०० हून अधिक उड्या होत्या. अंगावर चित्रणाचं सामान होतं. पॅराशूट नव्हतं. पॅराशूट जमिनीवर राहिलं होतं आणि ते ना त्याच्या लक्षात आलं, ना विमानात शेजारी बसलेल्या कुणाच्या. आठशे उड्यांचा अनुभव त्या दिवशी उपयोगी पडला नाही. विमानात चढण्याआधी कुणीतरी "पाठ फिरव, पिन बघतो" म्हटलं असतं तर पिनच काय, पिशवीच नाही हे एका नजरेत कळलं असतं.

अनुभवाने हात आपोआप चालायला लागतात, आणि धोका तिथेच असतो. छातीचा पट्टा बकलमधून ओवताना कुणीतरी हाक मारतो, आपण वळून उत्तर देतो, आणि पट्टा बकलमधून उलट वळवून घ्यायचा तो राहतो. वरवर बघितलं तर बांधलेला दिसतो. विमानात बसेपर्यंत, दारातून निघेपर्यंत तो टिकतोही. पॅराशूट उघडतानाच्या हिसक्याला मात्र सरकतो.

किंवा पायलट शूट घ्या. मुख्य पॅराशूट बाहेर खेचायला आपण हाताने वाऱ्यात सोडतो ते छोटं शूट. बहुतेकांच्या पायलट शूटमधून एक आतली दोरी जाते. मुख्य पॅराशूट उघडलं की ती या शूटला चपटं करते, म्हणजे ते मागे फडफडत राहत नाही. पुढच्या उडीसाठी घडी करताना ती दोरी ओढून शूट पुन्हा "कॉक" करावं लागतं. संध्याकाळी दिवसातली शेवटची घडी घालताना हे विसरणं अजिबात अवघड नाही. विसरलं तर आकाशात शूट सोडल्यावर ते फुलत नाही, डोक्यामागे चिंधीसारखं लटकत राहतं आणि पिन निघतच नाही. हे टाळायला जोडपट्टीवर, म्हणजे ब्रायडलवर, पिनजवळ एक इवलीशी खिडकी ठेवलेली असते. शूट कॉक केलेलं असेल तर तिथे दोरीचा रंगीत भाग दिसतो, नसेल तर दिसत नाही. झाकण उचलायचं, पिन पूर्ण आत आहे का बघायचं, लूप झिजलाय का बघायचं, खिडकीत रंग बघायचा. दोन श्वासांचं काम. पण स्वतःच्या पाठीवरची खिडकी स्वतःला दिसत नाही, म्हणून दुसऱ्याला पाठ दाखवायची. यात नवखा-जुना असा भेद कुठून आला?

याच मुद्द्यात "आपल्या पुण्याच्या शीतल महाजनने तर नऊवारी नेसून उडी मारली, तिने काय तपासलं असेल?" असंही घुसडलंय. २०१८ मध्ये थायलंडमधल्या पट्टायाजवळ पद्मश्री शीतल महाजन यांनी नऊवारीत उडी मारली, हे खरं आहे. पण त्यांच्या अंगावर हार्नेस, पॅराशूट, हेल्मेट सगळं होतं. उलट वाऱ्याने उडू शकेल असं इतकं कापड अंगावर असताना एकही पदर हँडलवर येऊ नये म्हणून नेहमीपेक्षा जास्त काळजी लागते. त्यांच्या हिमतीचा दाखला देऊन लोकांना निष्काळजीपणा शिकवू नका.

तिसरा मुद्दा असा की खाली एकदा बघितलं की पुरे, विमानात बसल्या जागी काय बिघडणार? अमेरिकेची स्कायडायव्हिंग संघटना, यूएसपीए, तीनदा तपासायला सांगते. अंगावर चढवण्याआधी, विमानात चढण्याआधी आणि उडीआधी. तिसरी तपासणी का, याचं उत्तर ऑस्ट्रेलियाच्या वाहतूक सुरक्षा तपास संस्थेच्या, एटीएसबीच्या अहवालात आहे. २० सप्टेंबर २०२५ ला क्वीन्सलंडमधल्या टली इथे सेसना कॅराव्हॅन विमान १५,००० फुटांवर होतं. दारातून बाहेर सरकताना एकाचं रिझर्व्हचं हँडल पंखाच्या फ्लॅपला अडकलं. रिझर्व्ह तिथल्या तिथे उघडलं, त्याला मागे खेचून घेतलं आणि विमानाच्या शेपटीला गुंडाळलं गेलं. तो माणूस विमानाखाली लोंबकळत होता! त्याच्याजवळ हुक नाइफ, म्हणजे पट्टे-दोऱ्या कापायची छोटी सुरी होती. तिने त्याने ११ दोऱ्या कापल्या, उरलेलं कापड फाटून सुटलं, मग त्याने मुख्य पॅराशूट उघडलं आणि किरकोळ जखमांवर तो जमिनीवर आला. शेपटीची नासधूस झालेलं विमान वैमानिकाने कसंबसं उतरवलं.

हे अडकणं दाराबाहेर झालं, तेव्हा नुसत्या तपासणीने ते नक्की टळलं असतं असं मी म्हणणार नाही. पण हँडल, लूप, पिन यातलं काहीही भलत्या क्षणी सुटलं तर काय होतं ते यातून दिसतं. एकट्याचा जीव जात नाही, विमानातले सगळे पणाला लागतात. विमानात आपण गुडघ्याला गुडघा लावून, एकमेकांच्या पिशव्यांना टेकून बसतो. पिशवी बाकाच्या कडेला घासते, झाकण उचकटतं, हँडल खिशातून सरकतं. खाली सगळं ठाकठीक होतं म्हणजे दार उघडतानाही असेलच असं नाही. आणि हो, ती सुरी बाळगायची सक्ती नाही. तपास संस्थेच्या प्रमुखांनीही ती जीव वाचवू शकते हे वेगळं सांगितलं. भाचीने आपल्या इन्स्ट्रक्टरला त्या सुरीबद्दल विचारावं.

चौथा मुद्दा: "रिझर्व्ह दर १८० दिवसांनी उघडून पुन्हा भरायचा नियम म्हणजे रिगर लोकांचा धंदा. न वापरलेलं कापड सहा महिन्यांत खराब होतं का?" रिगर म्हणजे रिझर्व्ह तपासून भरायचा परवाना असलेला कारागीर. इथे मेसेजवाल्याला थोडंसं द्यावं लागेल. नायलॉन सहा महिन्यांत सडत नाही. अमेरिकेत २००८ पर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती, मग १८० केली. म्हणजे आकडा काही दगडावर कोरलेला नाही. पण रिगर फक्त कापड बघत नाही. लूप, दोऱ्या, शिवण, धातूची कडी, ओल, यंत्राच्या मुदती, आणि हाताने ओढून पिन किती जोरात निघते तेही बघतो. मग स्वतःच्या खुणेचं सील लावतो आणि कार्डावर तारीख घालून सही करतो. मुख्य पॅराशूट मी भरू शकतो, रिझर्व्ह कायद्याने मला भरता येत नाही, आणि ते योग्यच आहे. ते कार्ड मागून तारीख वाचायला अर्धा मिनिट लागतो.

पाचवा, "विमानतळावर गाडीने जाणं याहून धोक्याचं". यूएसपीएच्या नोंदीत २०२३ मध्ये अमेरिकेत सुमारे ३६.५ लाख उड्यांमागे १० मृत्यू आहेत, आणि १९७० च्या दशकात उड्या कितीतरी कमी असूनही हा आकडा वर्षाला सरासरी चाळीसच्या वर होता. सुधारित पॅराशूट, बिघडलेलं मुख्य पॅराशूट झटक्यात सोडून देणारी बिल बूथची तीन कड्यांची सुटका-व्यवस्था, एएडी, प्रशिक्षण आणि ही किटकिट, या सगळ्यांनी मिळून तो खाली आणला. हल्लीचे बरेच मृत्यू चांगल्या उघडलेल्या पॅराशूटखाली, जमिनीजवळ चुकीचं वळण घेतल्याने होतात, हेही खरंच. तिथे पिन बघून उपयोग नाही. पण एका धोक्यावर दुसरा उपाय लागतो म्हणून पहिल्यावरचा उपाय सोडायचा, हा कुठला न्याय?

भाचीला एवढंच सांगितलं, "पिन बघता का?" असं इन्स्ट्रक्टरने विचारायच्या आधी तूच विचार. आणि दारापाशी पोहोचल्यावर काही खटकलं, हँडल सैल वाटलं, पट्टा सरकलेला वाटला, तर उडी मारू नकोस, विमानातूनच खाली ये. त्यात लाज नाही, जुने लोकही येतात. फक्त इन्स्ट्रक्टरकरवी वैमानिकाला लगेच कळव आणि पट्टा बांधून बस. विद्यार्थ्यांचं यंत्र कमी वेगालाही सुटतं, त्यामुळे विमान खालच्या उंचीवर झपकन उतरवलं तर रिझर्व्ह केबिनमध्येच उघडायचा धोका असतो. वैमानिकाला माहीत असलं की तो सावकाश उतरवतो.