अहो फोटोवाले, जरा सरका

पुण्यात लग्नाचे फोटो काढायचा धंदा सुरू करणाऱ्याची पहिली मुलाखत वधूपिता घेतो. माझी कोथरूडच्या एका दिवाणखान्यात झाली. समोर चहा, मांडीवर त्यांच्या स्वतःच्या लग्नाचा अल्बम. "आमच्या वेळी ३६ फोटोंचा एक रोल होता. छत्तीसच्या छत्तीस आले. तुम्ही दोन हजार काढणार म्हणता. म्हणजे वाया किती जाणार?" मी कँडिडचा वेगळा दर सांगितला. "कँडिड म्हणजे आम्हाला न सांगता काढणार ना? मग सांगायचे कष्ट वाचले तुमचे. तेवढे कमी करा." या युक्तिवादाला माझ्याकडे आजही उत्तर नाही. काम मी घेतलं. आषाढी एकादशीपासून तुळशीच्या लग्नापर्यंत मुहूर्त नसतात. कॅमेऱ्याचा हप्ता मात्र चातुर्मास पाळत नाही.

आधी प्री-वेडिंग. शनिवारवाड्याच्या दिल्ली दरवाज्याला ते अणकुचीदार खिळे शत्रूच्या हत्तींनी धडक देऊ नये म्हणून ठोकलेत. त्यांच्यासमोर उभं राहून मुलाने मुलीकडे प्रेमाने बघायचं होतं. बिचारा खिळ्यांकडेच बघत होता.

खरी कसोटी मुहूर्ताला. १२ वाजून ३७ मिनिटं. सजावटवाल्याने जांभळे दिवे लावून वधूवरांना वांग्याचा रंग आणलेला. फ्लॅश छतावर मारून परतवावा तर कार्यालयाचं छत पोपटी. शेवटी फ्लॅशशिवाय, असेल तेवढा उजेड आत घ्यायला ५० एमएमची लेन्स १.८ वर उघडली, आयएसओ (उजेड टिपायची संवेदनशीलता) ३२०० केला, शटर १/२५० आणि देवावर भरवसा. अंतरपाट दूर होतो तो एक क्षण असतो, आणि नेमक्या त्याच क्षणी वऱ्हाडाचे मोबाईल वर जातात. शिवाय अक्षता! नेम वधूवरांवर धरलेला असला तरी अर्ध्या माझ्या लेन्सवर पडतात. एकदा गुरुजी म्हणाले, "अहो फोटोवाले, जरा सरका, मला नवरामुलगा दिसत नाही." मंत्र कोणावर म्हणायचे हे त्यांना कळायला हवं, हे मान्य.

कँडिडची खरी खाण म्हणजे आत्याबाईंनी स्वतः रचलेली मंगलाष्टकं. पहिल्या कडव्यात कुलदैवत, दुसऱ्यात मुलीचा एमबीए, तिसऱ्यात जावयाचं पॅकेज जवळजवळ आकड्यासकट. सूर कुठेही गेला तरी आत्या मागे हटत नाहीत. त्या वेळी मांडवातले चेहरे बघावेत! करवली दात ओठात दाबून, मामा छताकडे बघत, नवरदेव मुंडावळ्यांमागे गदगदत. माझ्या आयुष्यातले सर्वोत्तम फोटो त्या पाच मिनिटांत निघाले आहेत. त्यातला एकही कोणत्याही अल्बममध्ये गेलेला नाही.

अल्बममध्ये जातात ते रांगेचे फोटो. वधूमाता पत्रिकेच्या पाठीवर यादी लिहून देतात. "नाशिकचे काका आणि सांगलीचे काका एका फोटोत हवेत, पण शेजारी नकोत. वाड्याची केस चालू आहे. मध्ये मावशी उभी करा." मावशी सापडेपर्यंत सांगलीचे काका पंगतीला बसलेले असतात, आणि पंगतीतून माणूस उठवणं ही या शहरात फौजदारी बाब आहे. जेवणाऱ्यांचे फोटो काढायला गेलं की जिलबी तोंडात धरून प्रत्येक जण हाताने नको म्हणतो. आमची पाळी शेवटच्या पंगतीला. तोवर जिलबीचा पाक उरतो आणि मसालेभाताची खरवड. खरवड चांगली असते, खोटं का बोला.

पुढे संगणकापाशी पाठ मोडायची. एक रॉ फाईल, म्हणजे कॅमेऱ्यातून आलेला कच्चा फोटो, साधारण २५ एमबीची. दोन हजार म्हणजे ५० जीबी. अल्बमचे फोटो निवडायचं काम मात्र लग्नघराकडे, आणि उरलेले पैसे अल्बम हातात आल्यावर. मुलगी बंगळुरूला, सासूबाई चिपळूणला, आत्या नाराज. निवड महिनोन्‌महिने चालते. मी फोन केला की वधूपिता म्हणतात, "घाई कसली? लग्न झालंय आता."

अल्बम एकदाचा पोचला. तो बघायला आलेल्या त्यांच्या शेजाऱ्यांनी मला फोन लावला. नातवाची मुंज होती. "दर निम्मा ना?" त्यांनी विचारलं. "का?" मी म्हटलं. "लग्नात दोघांचे काढता. इथे बटू एकच आहे."

मी हो म्हणालो. आषाढी जवळ आली होती.