पाचपेक्षा कमी पोरं आली तर मास्तरांना दंड? थापा नाहीत हो सर!

नमस्कार सर, इटलीतल्या बोलोन्या विद्यापीठावरच्या माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. सकाळी वाचली तेव्हा जरा झोंबली, रात्री जेवण झाल्यावर परत वाचली तेव्हा निम्मी पटली, म्हणून जरा सविस्तरच लिहितोय. तुमचं म्हणणं थोडक्यात असं, की बोलोन्या विद्यापीठ १०८८ ला स्थापन झालं याला पुरावा नाही, पोरं प्रोफेसरांना दंड करायची ही मी मारलेली थाप आहे, आणि कायदा, वैद्यक, कला नि धर्मशास्त्र या चारही फॅकल्ट्या पहिल्या दिवसापासून असल्यासारखं मी लिहून टाकलंय.

१०८८ बद्दल कान पकडतो. स्थापनेची सनद वगैरे काहीच नाही. १८८८ मध्ये आठशेवा वाढदिवस धूमधडाक्यात करायचा होता, तेव्हा कवी आणि तिथलेच प्रोफेसर जोझुए कार्दुची यांच्या समितीने हे साल पक्कं केलं. त्या सुमारास इर्नेरिअस नावाचा माणूस तिथे रोमन कायदा शिकवायला लागला असावा, आधार काय तो एवढाच. 'स्थापना' हा शब्द माझाच चुकला.

पण सर, सनद नाही याचं कारण मला त्या सालापेक्षा जास्त मजेशीर वाटतं. स्थापन करायला होतं काय? ना इमारत, ना कुलगुरू. मास्तर स्वतःच्या घरात नाहीतर भाड्याच्या जागेत शिकवायचे आणि पोरं पैसे गोळा करून त्यांना द्यायची. ही पोरं बहुतेक परमुलखातली, आणि परक्या माणसाची तिथे तेव्हा काय पत होती बघा, तुमच्या गावच्या कुणीतरी बोलोन्यात उधारी बुडवली की वसुलीला तुम्हाला धरायचे, तुमचा त्या माणसाशी संबंध असो नसो. सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने ११५५-५८ च्या सुमारास फर्मान काढून हे बंद केलं. शिकायला आलेल्याला दुसऱ्याच्या कर्जापायी त्रास द्यायचा नाही, आणि खटला झालाच तर तो मास्तरपुढे चालवायचा की बिशपपुढे हे विद्यार्थ्यानेच ठरवायचं. अशा परक्या पोरांनी आपापली मंडळं केली, आल्प्सच्या अलीकडच्यांचं वेगळं नि पलीकडच्यांचं वेगळं. त्या मंडळाला म्हणायचे 'उनिव्हर्सितास', त्याचा रेक्टर म्हणजे पोरांनीच निवडून दिलेला विद्यार्थी. खुद्द बोलोन्याच्या पोरांना त्यात जागा नव्हती, त्यांना गावचे हक्क होतेच की.

आता दंड. चौदाव्या शतकातली कायद्याच्या मंडळांची नियमावली आहे, ती तर मी लिहिलेली नाही ना! घंटा झाली तरी मास्तर आले नाहीत, दंड. अमुक तारखेपर्यंत अमुक पोर्शन झाला नाही, दंड, आणि तो वसूल करता यावा म्हणून वर्षाच्या सुरुवातीलाच मास्तरांकडून सावकाराकडे डिपॉझिट ठेवून घ्यायचे. एक दिवसाची रजासुद्धा पोरांकडे मागायची. वर्गात पाच डोकी जमली नाहीत तर मास्तरच गैरहजर धरायचे! (ही शेवटची अट वाचून माझ्या एका प्रोफेसर मित्राने चहाचा कप खाली ठेवला आणि बराच वेळ गप्प बसला.)

तुमचा एक मुद्दा मात्र बिनतोड आहे, पदवीची परीक्षा पोरांच्या हातात कधीच नव्हती. ती डॉक्टरांच्या, म्हणजे पदवीधर मास्तरांच्या, कॉलेजकडे (म्हणजे मंडळाकडे), आणि १२१९ पासून पोपच्या हुकमाने वर आर्चडीकनची, म्हणजे बिशपच्या हाताखालच्या बड्या पाद्र्याची, परवानगीही लागायची. शिवाय शहराने मास्तरांना पगार द्यायला सुरुवात केली तशी पोरांची वट हळूहळू गेलीच. ज्याचा पगार त्याचा शब्द, ते तेव्हाही तसंच होतं. हे मी मूळ लेखात लिहायला हवं होतं.

फॅकल्ट्यांचंही तुमचंच बरोबर. कायदा आधीपासून, वैद्यक आणि कला शिकणाऱ्यांच्या मंडळाला शहराने मान्यता दिली १३१६ ला, त्याच वर्षी मोंदिनो दे लिउत्झीने प्रेतं फाडून शिकवण्याबद्दलचं पुस्तक लिहिलं, आणि धर्मशास्त्र तर थेट १३६४ ला. पॅरिस विद्यापीठाचा चार फॅकल्ट्यांचा नमुना डोक्यात ठेवून मी चारही एका दमात लिहून मोकळा झालो.

राहता राहिली इमारत. विद्यापीठासाठी आर्किजिन्नाझिओ नावाची इमारत बांधली १५६२-६३ मध्ये, तेही पोपच्या मर्जीने, सगळ्यांना एका छताखाली आणायला, म्हणजे लक्ष ठेवायला सोपं. पण आत गेलात तर भिंतींवर, जिन्यात, छतावर, जागा मिळेल तिथे रंगीत ढाली आहेत, साधारण सहा हजार, आणि त्यातल्या कितीतरी निवडून आलेल्या विद्यार्थ्यांच्या, नाव नि गाव घालून. मी मान वर करून वाचत राहिलो ते मान आखडेपर्यंत. वरच्या मजल्यावरचं शरीरविच्छेदनाचं लाकडी थिएटर २९ जानेवारी १९४४ च्या बॉम्बहल्ल्यात कोसळलं होतं, ढिगाऱ्यातलेच लाकडी तुकडे आणि पुतळे वेचून परत उभं केलंय.

तर १०८८ चं वाक्य आणि फॅकल्ट्यांचा परिच्छेद आज रात्रीच बदलतो, पदवीची ओळही घालतो. दंडाचं मात्र आहे तसंच ठेवतोय.