विटगेनस्टाइन व्हिएन्ना सर्कलचा संस्थापक नव्हता

विश्लेषणात्मक तत्त्वज्ञानाच्या इतिहासाबद्दल एक वाक्य सगळीकडे फिरतंय: ‘लुडविग विटगेनस्टाइनने व्हिएन्ना सर्कलची स्थापना केली.’ हे साफ चूक आहे. व्हिएन्ना सर्कल म्हणजे विज्ञान आणि तर्कशास्त्राच्या पायावर तत्त्वज्ञान उभारू पाहणाऱ्या विचारवंतांचं मंडळ; तत्त्वज्ञ विटगेनस्टाइन त्याचा संस्थापक सोडाच, साधा सदस्यही नव्हता. हे मंडळ जमलं ते तत्त्वज्ञ मॉरित्स श्लिकभोवती. श्लिक १९२२ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठात प्राध्यापक म्हणून आला आणि गुरुवारी संध्याकाळी बैठका भरू लागल्या.

गैरसमजाचं मूळ शोधायला फार लांब जायला नको. बैठकीत विटगेनस्टाइनचा ‘ट्रॅक्टेटस’ हा तर्क आणि भाषेवरचा ग्रंथ अक्षरशः वाक्यावाक्याने वाचला गेला होता. शिवाय मंडळाच्या १९२९ च्या जाहीरनाम्यात त्याचं नाव आहे, पण सदस्यांत नाही. वैज्ञानिक विश्वदृष्टीचे अग्रणी म्हणून आइन्स्टाइन आणि रसेल यांच्या पंगतीत. (आइन्स्टाइनला कोणी अजून संस्थापक केलेलं नाही, हे नशीबच.)

१९२७ पासून श्लिक, वाइसमान, कार्नाप अशा मंडळातल्या मोजक्यांना विटगेनस्टाइन खासगीत भेटायचा, तेही आपल्या लहरीने. तर्कशास्त्र ऐकायला आलेल्या या मंडळींकडे पाठ करून तो कधीकधी चक्क टागोरांच्या कविता वाचत बसे! १९२९ पासून त्याने कार्नापशीही भेटीगाठी बंद केल्या. उरले श्लिक आणि वाइसमान.