फडात न उतरता फडाची तपासणी

निरीक्षक साहेब, दसरा उलटला, कारखान्याचा बॉयलर पेटला आणि बीड-पाथर्डीकडच्या टोळ्या ट्रॉलीत संसार भरून सांगली-कोल्हापूरकडे निघाल्या, की ऊसतोड कामगारांच्या तपासणीची फाईल आपल्या टेबलावर येणारच. घाबरू नका. हे काम मुळीच अवघड नाही. कोणते प्रश्न विचारू नयेत, एवढे ठाऊक असले म्हणजे झाले.

सर्वप्रथम, मालक कोण हे शोधण्याच्या फंदात पडू नका. शेतकरी म्हणेल, तोड कारखान्याने दिली. कारखाना म्हणेल, आमचा करार वाहतूकदाराशी. वाहतूकदार टोळी जमवून आणणाऱ्या मुकादमाकडे बोट दाखवील, आणि मुकादम हात जोडून सांगेल की, साहेब, मीही यांच्यातलाच, परवापरवापर्यंत कोयताच धरत होतो. चौघेही आपापल्या परीने खरेच बोलत असतात. चहा चौघांकडेही घ्यावा.

कायद्याची पुस्तके सोबत असू द्यावीत. ती धीर देतात. जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 1958 साली मळ्यांवरील कामगारांसाठी करार केला, तेव्हा त्यात ऊस आवर्जून घातला. आपल्या 1951 च्या मळे कामगार कायद्याला मात्र चहा, कॉफी, रबर, सिंकोना आणि वेलदोडा एवढेच दिसले. पुरुषभर उंचीचा ऊस नजरेतून सुटला. शेतीतील श्रम-तपासणीविषयीचा 1969 चा करार तर भारताने स्वीकारलेलाच नाही, तेव्हा त्याचीही धास्ती नको. 1979 चा स्थलांतरित कामगारांचा कायदा राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी होता. म्हणजे बीडची टोळी बेळगावकडे गेली तर ती स्थलांतरित, आणि अलीकडे कोल्हापुरातच थांबली तर जणू पाहुणी. आता नव्या श्रम संहितेने आपल्या निरीक्षक या पदालाच ‘सुविधा देणारा’ असे शेपूट जोडले आहे. सुविधा कोणाला द्यायची, हे सुज्ञांस सांगणे न लगे.

हजेरीपत्रक मागून कोणाला अडचणीत आणू नका. फडात माणसे मोजत नाहीत, कोयते मोजतात, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको मिळून एक. उचल, म्हणजे हंगामाआधी मजुरीपोटी घेतलेले पैसे, नवऱ्याच्या नावावर, हिशेब मुकादमाच्या वहीत. बाई कागदावर येतच नाही, त्यामुळे तिच्या किमान वेतनाची, बाळंतपणाच्या रजेची किंवा शौचालयाची चौकशी करण्याचे कष्ट आपोआप वाचतात. खाडा मात्र दोघांना मिळून लागतो: ती तापाने पडली की कोयता बंद, आणि दंड उचलीत चढतो. हा खाडा, पाळीच्या दिवसांतले ओझे आणि डॉक्टरांची तत्परता यांचा परस्परसंबंध लावत बसू नये. 2019 साली शासनाच्या समितीपुढे बीडमधील 82 हजारांहून अधिक ऊसतोड महिलांच्या पाहणीत 13 हजारांहून अधिक जणींचे गर्भाशय काढल्याचे आले, परंतु तो विषय आरोग्य खात्याचा आहे. खात्याखात्यांत शिस्त हवी.

उचलीवरही फार खोलात जाऊ नका. हंगाम संपूनही जी फिटत नाही आणि पुढच्या वर्षी पुन्हा त्याच मुकादमाच्या ट्रॉलीत बसवते, तिला वेठबिगार म्हणावे तर 1976 चा कायदा उघडावा लागेल, आणि तो उघडला की अहवाल लांबतो. आपण ‘आगाऊ रक्कम’ असे लिहावे. मराठी शब्द आहे, कोणाला बोचत नाही.

भेटीची वेळ सकाळी अकराची ठेवा. टोळी पहाटेच्या अंधारातच फडात गेलेली असते, वाढ्यांचे भारे बांधून, मोळ्या वाहून ट्रॉली भरण्याच्या घाईत असते. पाचटाच्या कोप्यांपाशी, म्हणजे टोळीच्या झोपड्यांपाशी, आपणांस बहुधा एखादी नऊ-दहा वर्षांची मुलगीच भेटेल. कमरेवर भाऊ, समोर तीन दगडांची चूल, परातीत मळलेले पीठ. शाळेचे विचाराल तर ती गावाकडच्या शाळेचे नाव सांगेल, पटावर ते असतेही. आई कुठे आहे म्हणाल तर हाताने उसाकडे दाखवील. ती कोयता चालवत नाही, तेव्हा ‘बालकामगार आढळला नाही’ हा शेरा अगदी निर्दोष ठरतो. तो तिथेच, गाडीच्या बॉनेटवर फाईल ठेवून लिहावा. पेन चालेना झाले तर ती चुलीजवळून उठून आपल्याला पाणी आणून देईल, कारण पाहुण्याला पाणी द्यायचे, एवढे तिला आईने सांगितलेले असते.