नाव दिसलं तर बिघडलं कुठे? भाड्याची खोली शोधणाऱ्याला विचारा

सिमच्या अर्जावरचं नाव फोन वाजताना समोरच्याच्या स्क्रीनवर दिसावं, अशी शिफारस दूरसंचार नियामक ट्रायने फेब्रुवारी २०२४ मध्ये केली. या सोयीला सीएनएपी (कॉलिंग नेम प्रेझेंटेशन) म्हणतात. तिच्या कौतुकाचा एक फॉरवर्ड ग्रुपाग्रुपात फिरतोय. त्याचं म्हणणं असं: आता फसवणूक बंद, ज्याच्या मनात पाप नाही त्याला भीती कसली, आणि पूर्वी डिरेक्टरीत पत्त्यासकट नावं छापायचे, तेव्हा कुठे कुणाची प्रायव्हसी गेली?

डिरेक्टरीचा मुद्दा ऐकायला बिनतोड वाटतो. पण त्या जाडजूड पुस्तकात नावावरून नंबर सापडायचा. नंबरावरून नाव काढायचं तर अख्खं पुस्तक पालथं घालावं लागे. शिवाय लँडलाइन घराची असे, नाव बहुधा कर्त्या पुरुषाचं. फोनवर घरातलं नेमकं कोण आहे, हे त्यावरून कळायचं नाही.

आता ‘मनात पाप नाही’. मुंबई-पुण्यात खोली शोधणाऱ्याच्या मनात कसलं पाप असतं? तरी ‘आपलं पूर्ण नाव काय?’ हा प्रश्न त्याला चुकत नाही, आणि तो कशासाठी असतो हे मराठी माणसाला सांगायला नको. निदान आज भाडं, डिपॉझिट यावर चार वाक्यं तरी होतात. उद्या रिंग वाजतानाच आडनाव दिसेल, आडनावावरून जात-धर्म ताडला जाईल आणि ‘कालच गेली हो खोली’ हे उत्तर फोन उचलण्याआधीच तयार असेल. तीच गोष्ट जुनं कपाट विकत घ्यायला अनोळखी माणसाला एकदाच फोन करणाऱ्या बाईची. नंबरासोबत नावही गेलं की सोशल मीडियावर तिला शोधायला कितीसा वेळ लागतो?

फसवणुकीचं म्हणाल तर भामटे स्वतःच्या नावावर सिम घेतात कुठे? कुणा गरिबाच्या आधारवर काढलेलं सिम वापरलं की नाव त्या बिचाऱ्याचं दिसणार, तेही सरकारी खातरजमेच्या थाटात. ‘डिजिटल अरेस्ट’वाले तर सर्रास व्हॉट्सॲपवरून व्हिडिओ कॉल करतात. तिथे सीएनएपीचा संबंधच नाही. उलट नवऱ्याच्या नावचं सिम वापरणाऱ्या आशाताईंनी लसीकरणासाठी फोन केला, तर समोर भलत्याच पुरुषाचं नाव. उचलणार कोण?

‘ट्रूकॉलरवर नाव आहेच की’ असंही कुणीतरी म्हणतंच. आहे, पण तिथून नंबर काढून टाकायची विनंती तरी करता येते.

सीएनएपीत बंद करायचं बटण आहे, पण ते नाव पाहणाऱ्याच्या हातात. ज्याचं नाव दिसणार त्याच्या हातात नाही. नंबर झाकायची सीएलआयआर सोय असलेल्यांचं नाव दाखवू नये, असं ट्रायचंही म्हणणं आहे, मात्र ही सोय मिळते निवडक मंडळींना. बँका, विमा कंपन्या, टेलिमार्केटिंगवाले यांची नावं खुशाल दाखवा. साध्या ग्राहकाच्या सिमवर नाव दाखवायचं की नाही, हे आधी त्याला विचारा.