फॉरवर्ड केल्याने पैसे मिळतात म्हणे!

डोक्यावरचे केस गेलेल्या, नाकात नळी असलेल्या मुलाचा फोटो आणि खाली मजकूर: ‘या चिमुकल्याला ब्लड कॅन्सर आहे, थोडेच दिवस उरलेत. प्रत्येक फॉरवर्डमागे व्हॉट्सॲप आईवडिलांना पैसे देणार. आपलं काय जातं?’ रक्कम कधी दहा पैसे, कधी रुपया. सोसायटीच्या ग्रुपवर हा मेसेज अधूनमधून उगवतोच.

‘व्हॉट्सॲप पैसे देणार.’ नाही देत. २०१६ पासून तिथले मेसेज एन्क्रिप्टेड आहेत. आत काय लिहिलंय हेच कंपनीला वाचता येत नाही, मग पैसे कुणाला पाठवणार?

‘थोडेच दिवस उरलेत.’ मला सगळ्यात जास्त राग याचा येतो. जागतिक आरोग्य संघटना सांगते, श्रीमंत देशांत कॅन्सर झालेली ८० टक्क्यांहून जास्त मुलं बरी होतात. गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या अनेक देशांत ३० टक्क्यांहून कमी. आजार तोच. पण इथे निदान उशिरा होतं, औषधं परवडत नाहीत, उपचार अर्ध्यावर सुटतात. मुलांच्या ल्युकेमियाचे, म्हणजे ब्लड कॅन्सरचे, उपचार बहुतेकदा दोन-अडीच वर्षं चालतात. तेवढे दिवस मजुरी बुडवून मुंबईत परळला टाटा कॅन्सर रुग्णालयाजवळ राहायचं कुठे? दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत जागा मिळाली तर नशीब. त्यात गावाकडचे म्हणत असतात, ‘आता काय उपयोग?’ हा मेसेज त्यांचीच री ओढतो.

‘आपलं काय जातं?’ ब्रिटनमधल्या क्रेग शेरगोल्डला ब्रेन ट्यूमर होता. गिनेस विक्रमासाठी १९८९ मध्ये शुभेच्छापत्रांचं आवाहन झालं आणि १९९१ पर्यंत ३ कोटी ३० लाख पत्रं आली. त्याच वर्षी अमेरिकेत शस्त्रक्रिया होऊन तो वाचला. ती झाली एका श्रीमंत माणसाने खर्च उचलल्यामुळे. घरचे ‘आता पुरे’ म्हणाले, तरी पत्रं वर्षानुवर्षं येत राहिली.

द्यायचंच असेल तर प्लेटलेट द्या, म्हणजे रक्तस्राव थांबवणाऱ्या रक्तपेशी. केमोनंतर मुलांच्या प्लेटलेट झपाट्याने उतरतात, आणि त्या फार दिवस साठवून ठेवता येत नाहीत. जेमतेम पाच दिवस टिकतात. म्हणून दिवाळीत आणि मे महिन्यात, दाते गावाला गेले की रक्तपेढ्यांची तारांबळ उडते. सुईतून रक्त मशीनमध्ये जातं, प्लेटलेट वेगळ्या होतात, बाकीचं रक्त परत अंगात येतं. तास-दीड तासाचं काम. वय १८ च्या पुढे, वजन ५० किलोच्या वर हवं, आणि आधीचे तीन दिवस ॲस्पिरिन घेतलेली नको. जवळच्या रक्तपेढीत ही सोय आहे का, किती वाजेपर्यंत, ते विचारून ग्रुपवर टाका. तो मेसेज खुशाल फॉरवर्ड करा.