तो फोटो आज परत दिसला

आज सकाळी तो फोटो परत समोर आला आणि डोकंच सटकलं.

एका ग्रंथालयानं (नाव घेत नाही, उगाच कशाला) आपल्याकडचे जुने फोटो नेटवर टाकलेत. छानच केलं. पण फोटोच्या मधोमध स्वतःचं नाव आडवं छापलंय, कमेंट बंद, आणि खाली ओळ काय, तर 'धार्मिक मिरवणूक, मध्य प्रांत'. बस.

अरे, मिरवणूक काहाची? पिवळी मारबत आहे ती, रोगराई-पीडा घालवायला गावाबाहेर नेऊन जाळतात तो मोठा पुतळा! नागपुरातलं शेंबडं पोरगंही सांगेल. १८८५ पासून निघते, काळी तर त्याच्याही आधी, १८८१ पासून. तान्ह्या पोळ्याला अर्धं शहर इतवारीत लोटतं, ते काय देवदर्शनाला?

तीन वर्षांपूर्वी हाच फोटो मी आजीला मोबाईलवर दाखवला होता. तिनं बोट टेकवलं, फोटो एकदम मोठा झाला, ती दचकली. मग म्हणाली, "अवं माय, हा तं आपल्या गल्लीचा ओटा होय." मागच्या दुकानात काय मिळायचं, कठड्यावर पोरं कुठून चढायची, 'ईडा पीडा घेऊन जा गे मारबत' ओरडून घसा कसा बसायचा, सगळं दहा मिनिटांत सांगून मोकळी. मी ग्रंथालयाला ईमेल केला. उत्तर नाही. स्मरणपत्र पाठवलं. तेही गेलं चुलीत.

आणि तिकडे अमेरिकेत लायब्ररी ऑफ काँग्रेसनं २००८ च्या जानेवारीत फ्लिकर या फोटोंच्या साइटवर ३ हजारांवर फोटो टाकले आणि लोकांना म्हटलं, सांगा काय दिसतंय. पहिल्या काही महिन्यांतच ७ हजारांवर कमेंट आल्या. कोणी माणूस ओळखला, कोणी जागा. त्यांच्या लोकांनी ते तपासलं आणि ५०० वर नोंदी सुधारल्या. आपल्याकडे? कुलूप.

हो, कमेंट उघड्या ठेवल्या की कोणी गुड मॉर्निंगची फुलं टाकेल, कोणी जातीवरून भांडेल. मान्य. माणसंही कमी असतात तिथं, तेही मान्य. पण दोन निवृत्त मास्तर बसवा ना! महाल-इतवारीत फुकट येतील, वरून चहा तेच पाजतील.

खरं सांगू? राग त्यांच्यावर कमी, स्वतःवर जास्त आहे. त्या ईमेलात मी एवढंच लिहिलं, 'ही पिवळी मारबत आहे.' ओट्याचं नाही, दुकानाचं नाही. वाटलं, उत्तर आलं की सविस्तर लिहू. आजी मागच्या वर्षी गेली. त्या दुकानात काय मिळायचं ते आज आठवत बसलोय. मुरमुरे म्हणाली होती की फुटाणे?

इतवारीतले कोणी असाल तर खाली फोटो लावतोय. मधलं नाव सोडून पाहा. डावीकडचं दुकान.